अकाली जन्मलेले बाळ आणि आई : पहिल्या संवादाची आईला होणारी जाणीव

ओंजळ (धागालेखिका)

अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या मातांच्या आधारगटात काम करताना एक प्रश्न मी प्रत्येकीला हटकून विचारते : बाळ तुमच्याशी काही बोलत आहे, असे तुम्हाला पहिल्यांदा कधी वाटले? कोणी सांगते, काचेच्या पेटीच्या गोल झडपेतून हात आत घातला आणि बाळाने बोट धरले तेव्हा. कोणी सांगते, मी शेजारी उभी राहून बोलू लागले की मॉनिटरवरचा प्राणवायूचा आकडा स्थिर व्हायचा, तेव्हा. कोणी म्हणते, बाळ घरी आले, बरेच दिवस गेले आणि मग एकदा माझ्याकडे पाहून हसले. त्याआधी काहीच नाही. आणि काही माता थोडा वेळ गप्प राहून सांगतात की रुग्णालयातल्या त्या सगळ्या काळात हे बाळ आपले आहे हेच मनाला पटत नव्हते, मग बोलणे तर दूरच राहिले. ही उत्तरे इतकी निरनिराळी का असतात, याविषयी येथे सविस्तर चर्चा व्हावी अशी माझी इच्छा आहे.

३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाला अकाली जन्मलेले बाळ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगभरात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे जन्मली, म्हणजे साधारण दर दहा बाळांमागे एक. यांतली बरीचशी ३२ आठवड्यांनंतर जन्मतात आणि त्यांच्या मातांची वाट तुलनेने सोपी असते. माझ्या मनात प्रामुख्याने आहेत त्या ३२ आठवड्यांच्या आत प्रसूत झालेल्या माता, ज्यांना बाळाला कुशीत घेण्याआधी काचेतून पाहावे लागते.

बाळाच्या बाजूने पाहिले तर ऐकण्याची क्षमता गर्भाच्या साधारण पंचविसाव्या आठवड्याच्या सुमारास कामाला लागलेली असते, पापण्या त्यानंतर लवकरच उघडू लागतात आणि स्पर्शाची जाणीव तर या दोहोंच्याही आधी येते. ॲन्थनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर या संशोधकांनी १९८० मध्ये दाखवून दिले की पूर्ण दिवसांची नवजात बाळे आईचा आवाज ऐकायला मिळावा म्हणून चोखण्याची लय बदलतात. अकाली जन्मलेले बाळही काही काळापूर्वीपर्यंत त्याच आवाजाच्या सान्निध्यात होते. म्हणून आईचा आवाज त्याला अगदीच परका नसतो. उत्तर देण्याची साधने मात्र त्याच्याकडे फार तोकडी असतात. स्नायूंत ताकद नसते, जागे राहण्याचा काळ काही क्षणांचा असतो, रडणे क्षीण असते. आणि श्वासनलिकेत नळी असेल तर रडण्याला आवाजच नसतो. चेहरा रडवेला होतो, तोंड उघडते आणि ऐकू काहीच येत नाही. हे दृश्य सहन झाले नाही असे सांगणाऱ्या माता मला अनेकदा भेटल्या आहेत.

आईचे मन मात्र ठरावीक उत्तरांची वाट पाहत असते. टक लावून पाहणे, भूक लागल्यावर रडणे, कुशीत घेतल्यावर शांत होणे, हसणे. यांपैकी काहीच घडत नाही, तेव्हा बाळ माझ्याशी बोलत नाही, असा निष्कर्ष ती काढते. बाळ उत्तर देत असते, पण ते त्वचेच्या रंगातून, श्वासाच्या लयीतून, बोटांच्या उघडझापेतून येते. मानसशास्त्रज्ञ हायडेलिसे आल्स यांनी १९८२ मध्ये या खुणांची सुसंगत मांडणी केली. बाळाचे श्वास आणि रंग, त्याच्या हालचाली, त्याची झोप-जाग आणि भोवतालाकडे लक्ष देण्याची क्षमता या गोष्टी एकमेकींवर कशा अवलंबून असतात आणि त्यांतून बाळ आता पुरे किंवा आता ठीक आहे हे कसे दाखवते, असे त्या मांडणीचे सूत्र आहे. पुढे त्यांनी नवजात अतिदक्षता विभागांसाठी तयार केलेली काळजीची पद्धतही याच पायावर उभी राहिली.

माझे मत असे आहे की संवाद झाला की नाही, हे एकट्या बाळाच्या क्षमतेवर ठरत नाही. आईला काय दिसते आणि दिसलेल्याला ती संवाद म्हणून मोजते का, यावर ते बरेच अवलंबून असते. आणि तिला काय दिसावे हे तिच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसांवर. आपले अनुभव आणि मतभेद दोन्ही येथे मोकळेपणाने लिहावेत.

नीलमोहर

माझे बाळ एकोणतिसाव्या आठवड्यात जन्मले. सुरुवातीला माझे सगळे लक्ष मॉनिटरकडे असे. बाळाकडे पाहण्याआधी मी आकड्यांकडे पाही. हृदयाचे ठोके, प्राणवायू, श्वास. आकडे चांगले असले की बाळ खूश आहे असे मला वाटे आणि गजर वाजला की ते मला हाक मारत आहे असे वाटे. बाळाचे बोलणे मला यंत्रामार्फत ऐकू येत होते आणि त्या यंत्राची भाषा मला येत नव्हती, परिचारिकांना येत होती. त्यामुळे हे बाळ त्यांचे आहे आणि मी भेटायला आलेली कोणीतरी आहे, ही भावना फार खोलवर रुजली होती. त्याला हात लावण्यासाठीसुद्धा मी परवानगी मागत असे.

स्पर्शाविषयी मला विशेष लिहायचे आहे. आईचा हात म्हटले की पाठीवरून, गालावरून हळुवार फिरणारा हात डोळ्यांसमोर येतो. तसा हात फिरवला की माझे बाळ दचकत असे, हातपाय फेकत असे, कधी श्वासाची लय चुकत असे. माझा स्पर्श त्याला नको आहे, याशिवाय दुसरा अर्थ मला लागत नव्हता. एका परिचारिकेने मला दोन्ही तळवे आधी चोळून गरम करायला सांगितले, मग एक तळवा डोक्यावर आणि दुसरा दुमडलेल्या पायांवर ठेवून, न फिरवता, तसाच स्थिर ठेवायला लावला. काही वेळाने बाळाची मूठ सैल झाली, कपाळावरची आठी गेली आणि श्वास एका लयीत येऊ लागले. "हे तुम्हाला दिलेलं उत्तर आहे," असे ती म्हणाली. आमच्यातील पहिला संवाद कोणता असे कोणी विचारले तर मी हाच सांगेन.

दुसरी गोष्ट दुधाची. बाळाला तोंडाने दूध घेता येत नव्हते, नळीतून द्यावे लागत होते. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ गर्भारपणापासून मोजलेल्या साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास जमू लागतो असे आम्हाला सांगितले होते. तोवर पंपाने दूध काढून देणे एवढेच माझ्या हाती होते. अगदी थोडे दूध निघत असतानाही मला वाटे की बाळापर्यंत जाणारी माझी ही एकच गोष्ट आहे. पुढे नळीतून दूध चालू असताना ते ओठ चाटू लागले, हात तोंडाशी नेऊ लागले. कोणीही न सांगता मला कळले की ते काहीतरी मागत आहे. मागणे ओळखता येणे, ही आई झाल्याची खूण माझ्यासाठी बाळंतपणापेक्षाही मोठी होती.

पाणवठा

चर्चा मनापासून वाचली. तरीही एक शंका मांडावीशी वाटते. तळहाताला काही लागले की मूठ मिटणे ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे आणि ती अकाली जन्मलेल्या बाळातही असते. झोपेत ओठांवर उमटणारे हसू कोणासाठी नसते. प्राणवायूचा आकडा तर बाळ किंचित हलले, पायाला लावलेला सेन्सर सरकला, तरी बदलतो. आई या सगळ्याला संवाद म्हणते, कारण तिला त्याची नितांत गरज आहे. त्या गरजेविषयी मला आदर आहे. मात्र प्रत्येक हालचालीत अर्थ शोधायची सवय लागली, तर अर्थ न सापडलेल्या दिवशी काय होते? आकडा खाली गेला तर, मी जवळ आले म्हणून असे झाले, असेही तिला वाटणारच. वैद्यकीय वस्तुस्थिती आणि आईची भावना यांच्यातील सीमारेषा पुसली जाऊ नये, असे मला वाटते.

ओंजळ

पाणवठा, तुमची शंका महत्त्वाची आहे आणि तिचा शेवटचा भाग तर मातांच्या तोंडून मी जसाच्या तसा ऐकला आहे. मॉनिटरचा आकडा संवाद म्हणून वाचू नये, याबाबत मी तुमच्याशी सहमत आहे. आकडा एकटा कधीच वाचू नये. बाळाचा रंग, हातपाय, चेहरा यांच्यासोबत तो वाचायचा असतो, आणि हे आईला आधीच सांगितलेले असावे.

प्रतिक्षिप्त क्रियेविषयी मात्र माझे मत वेगळे आहे. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या बाबतीतही सुरुवातीच्या बहुतेक हालचाली हेतुपुरस्सर नसतात. तरीही आई त्यांना अर्थ देते, त्या अर्थाला धरून वागते, बोलते, थांबते. आणि बाळाला हळूहळू कळते की आपण अमुक केले की तमुक घडते. हेतू असा दोघांच्या देवाणघेवाणीत तयार होतो. बाळाचा हेतू सिद्ध झाल्यावरच बोलायचे असे प्रत्येक आईने ठरवले असते, तर कोणतेच मूल बोलायला शिकले नसते. अकाली जन्मलेल्या बाळाच्या आईकडून ती सूट आपण काढून घेऊ नये.

याला पुष्टी देणारे एक काम मला फार मोलाचे वाटते. मेलिंडा कॅस्की, बेटी व्होर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिशय कमी वजनाच्या बाळांजवळ लहानशी ध्वनिमुद्रण यंत्रे ठेवून, गर्भारपणापासून मोजलेल्या बत्तिसाव्या आणि छत्तिसाव्या आठवड्यात दिवसभराचे आवाज नोंदवले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसले की जन्माच्या अपेक्षित तारखेच्या आठ आठवडे आधीही ही बाळे स्वर काढतात आणि आई किंवा वडील जवळ असताना ते प्रमाण वाढते. पालक बोलतात, बाळ स्वर काढते, अशी पाळीपाळीची देवाणघेवाणही तेव्हा अधिक होते. तीन वर्षांनी त्यांनी पुढचा भाग मांडला : अतिदक्षता विभागात बाळाच्या कानावर मोठ्यांचे जितके अधिक बोलणे पडले होते, तितके पुढे सातव्या आणि अठराव्या महिन्यांतील विकासचाचणीचे गुण चांगले होते. हा परस्परसंबंध आहे, कार्यकारणभावाचा पुरावा नव्हे, हे मान्य. तरीही बाळ माझ्याशी बोलते असे सांगणाऱ्या आईला वेड्यात काढण्याआधी थांबायला हवे, एवढे तरी त्यातून निश्चित दिसते.

दिवेलागण

मी नवजात अतिदक्षता विभागात परिचारिका म्हणून काम करते. वरील चर्चेत आलेल्या खुणा थोड्या विस्ताराने लिहिते, कारण मातांना त्यांचा प्रत्यक्ष उपयोग होतो.

बाळाला जास्त होत आहे, हे सांगणाऱ्या खुणांपैकी निम्म्या तरी घरातील मोठ्या माणसांना निरुपद्रवी वाटतील अशा असतात : वारंवार जांभई, उचकी, शिंका, पंजा ताठ करून बोटे फाकवणे, हात वाहतूक थांबवल्यासारखा चेहऱ्यासमोर धरणे, पाठ मागे ताणणे, नजर दुसरीकडे वळवणे. त्वचा फिकट किंवा चट्ट्याचट्ट्यांची दिसणे आणि श्वास अनियमित होणे या अधिक गंभीर खुणा आहेत. बाळ सावरले आहे, हे सांगणाऱ्या खुणा म्हणजे हात तोंडाशी नेणे, दोन्ही हात एकत्र धरणे, पाय कशाला तरी टेकवून आधार घेणे, चेहरा सैल पडणे, काही क्षण शांतपणे पाहणे. जांभई आली म्हणजे झोप आली असे समजून आई अंगाई म्हणू लागते, तेव्हा बाळाला कदाचित आवाज थांबायला हवा असतो. अशा वेळी मी आईला गाऊ नका असे कधीच सांगत नाही. हात तसाच ठेवा, आवाज थांबवा आणि काय होते ते आपण दोघी पाहू, असे सांगते. एका वेळी एकच गोष्ट, एक तर स्पर्श किंवा आवाज किंवा नजर, हा साधा नियम फार उपयोगी पडतो. बाळ मोठे होत जाते तसे त्याला दोन गोष्टी एकदम पेलू लागतात, आणि तो बदल आईच्याच लक्षात सर्वांत आधी येतो.

आवाजाविषयीही लिहायला हवे. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ अकादमीने १९९७ मध्ये अतिदक्षता विभागातील आवाज ४५ डेसिबलच्या वर जाऊ नये अशी शिफारस केली. प्रत्यक्षात यंत्रे, गजर, पेटीची झडप बंद होणे आणि आमचेच बोलणे यांमुळे ती मर्यादा पुष्कळदा ओलांडली जाते. या गोंगाटात आईचा हळू आवाज बाळापर्यंत पोहोचावा असे वाटत असेल, तर बाकीचे आवाज कमी करणे ही आमची जबाबदारी आहे. आईने मोठ्याने बोलणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

आमच्या शब्दांचाही परिणाम होतो. आज बाळ फार त्रास देत आहे, असे सहज तोंडून निघालेले वाक्य आई घरी घेऊन जाते. तेच, आज बाळ थकले आहे आणि तसे सांगतही आहे, असे म्हटले तर दुसऱ्या दिवशी ती बाळाकडे वेगळ्या नजरेने पाहते. विभागात नव्याने येणाऱ्या सहकाऱ्यांना मी उपकरणांच्या आधी ही गोष्ट शिकवते.

कवडसा

मी हे बऱ्याच विचाराअंती लिहीत आहे. मला काहीच वाटले नव्हते. बाळाने बोट धरले, पण मला काही जाणवले नाही. परिचारिका म्हणत, बोला त्याच्याशी, त्याला तुमचा आवाज कळतो; आणि मी पेटीसमोर उभी राहून काय बोलावे हे न सुचून अस्वस्थ होत असे. बाजूच्या पेटीजवळची आई तासन्‌तास बोलत असे. तिच्याकडे पाहून माझ्यात काहीतरी कमी आहे याची मला खात्री पटली होती. बाळाच्या कानावर पडणारे शब्द आणि पुढचे गुण यांविषयी वर लिहिले आहे, ते वाचून आजही छातीत धस्स झाले. ज्या माता बोलू शकल्या नाहीत, त्यांनी काय समजायचे? संवादाचा हा आग्रह काही मातांसाठी आणखी एक परीक्षा ठरते, याचाही विचार येथे व्हावा.

रानवाट

कवडसा, तुम्ही हे लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. मी मानसशास्त्राच्या क्षेत्रात काम करते आणि तुमच्यासारखा अनुभव सांगणाऱ्या माता अपवादात्मक नाहीत, हे सर्वप्रथम नमूद करते.

डेव्हिड कॅप्लन आणि एडवर्ड मेसन यांनी १९६० मध्येच लिहिले होते की अकाली प्रसूतीनंतर आईला काही मानसिक टप्पे पार करावे लागतात. बाळ गमावण्याच्या शक्यतेसाठी ती मनाची तयारी करते आणि त्या तयारीचा एक भाग म्हणून जरा अंतर राखते. पूर्ण दिवसांचे बाळ आपण जन्माला घालू शकलो नाही, हे दुःख ती स्वीकारते. धोका टळू लागला की ती बाळाशी थांबलेले नाते पुन्हा सुरू करते, आणि शेवटी या बाळाच्या खास गरजा समजून घेते. तेव्हाच्या आणि आताच्या अतिदक्षता विभागांत जमीन-अस्मानाचा फरक पडला आहे, तरी पहिला टप्पा आजही तसाच भेटतो. जे गमावण्याची भीती आहे त्याच्याशी बोलायला मन धजावत नाही. काहीच न वाटणे हे अनेकदा त्या भीतीचे रूप असते आणि त्यावरून आईच्या प्रेमाचे माप काढणे सर्वस्वी अन्यायाचे आहे.

कधी कधी मात्र त्यामागे प्रसूतीनंतरचे नैराश्य असते, आणि अकाली प्रसूतीनंतर त्याचे प्रमाण अधिक असते. ते ओळखण्यासाठी १९८७ पासून वापरात असलेली एडिनबरो प्रश्नावली अवघ्या दहा प्रश्नांची आहे. बाळाचे वजन जितक्या नियमितपणे केले जाते, तितक्याच नियमितपणे ही प्रश्नावली आईला दिली जावी, असे माझे आग्रहाचे मत आहे. नैराश्यात असलेल्या आईला बाळाच्या खुणा कमी दिसतात, हा आजाराचा परिणाम आहे आणि त्यावर उपचार आहेत.

आणखी एक गोष्ट. मर्लिन स्टर्न आणि कॅथरीन हिल्डेब्रँट यांनी १९८६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. मातांना त्यांच्या ओळखीचे नसलेले, पूर्ण दिवसांचे निरोगी बाळ काही काळ खेळवायला दिले. काहींना ते अकाली जन्मलेले आहे असे सांगितले. ज्यांना तसे सांगितले त्यांनी बाळाला कमी स्पर्श केला, त्याच्या वयापेक्षा लहान मुलांचे खेळणे त्याला दिले आणि ते अधिक लहानखुरे व कमी गोंडस वाटले असे नोंदवले. बाळ तेच होते. त्याच्याविषयी सांगितलेली एक गोष्ट बदलली होती. मग ज्या आईला दिवसातून अनेकदा ‘तुमचे बाळ फार नाजूक आहे’ असे ऐकावे लागते, तिचे हात आखडले आणि शब्द अडले तर नवल ते काय? पाणवठा यांच्या शंकेला माझे उत्तरही हेच राहील : भावना आणि वस्तुस्थिती यांच्यामध्ये रेषा आहे, पण आईला काय दिसते हे आपणच तिला काय सांगितले आहे त्यातून घडलेले असते.

पाऊलखूण

बाळाला एका रुग्णालयात आणि पत्नीला दुसऱ्या रुग्णालयात ठेवावे लागल्यामुळे सुरुवातीच्या काळात बाळाजवळ मीच होतो. बाळाने काय काय केले हे मी पत्नीला दूरध्वनीवरून सविस्तर सांगत असे. नंतर ती म्हणाली की बाळाशी तिची ओळख माझ्या वर्णनातून झाली होती. म्हणूनच प्रत्यक्ष भेटीत, सांगितल्याप्रमाणे त्याने पाय टेकवून घेतला तेव्हा तिला ते ओळखीचे वाटले. आई दूर असेल तर आकडे कळवण्यासोबतच बाळाच्या अशा लकबी कळवाव्यात, असे मी सुचवेन.

नीलमोहर

कवडसा यांच्या प्रतिसादाने मी हलून गेले. शब्द न सुचणाऱ्या मातांसाठी एक लिहावेसे वाटते, कारण माझ्या शेजारच्या पेटीजवळ अशीच एक आई होती. ती क्वचितच बोलायची. मात्र बाळाला उघड्या छातीवर घेण्याची परवानगी मिळाली, तेव्हा ती डोळे मिटून फार वेळ बसे आणि नंतर सांगे की त्याचा श्वास माझ्या श्वासाला धरून चालतो. संवादाला शब्द लागतातच असे नाही, हे मी तिच्याकडून शिकले. या पद्धतीविषयी जाणकारांनी लिहिले तर बरे होईल.

दिवेलागण

नीलमोहर, ती कांगारू पद्धत. कोलंबियातील बोगोटा शहरात १९७८ मध्ये डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी ती सुरू केली, तेव्हा पेट्या अपुऱ्या होत्या आणि एकेका पेटीत एकापेक्षा अधिक बाळे ठेवावी लागत. बाळाला आईच्या छातीवर उभे, त्वचेला त्वचा लागेल असे बांधून ठेवणे, हा अडचणीतून निघालेला मार्ग पुढे जगभर गेला. भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया येथील रुग्णालयांत झालेला जागतिक आरोग्य संघटनेचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळ पुरेसे स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच ही पद्धत सुरू केल्यास पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी कमी होतात, असे त्यात दिसले. त्यानंतर २०२२ मध्ये संघटनेने तशी शिफारसही केली.

मातांच्या जाणिवेच्या दृष्टीने मला यातले वेगळेच काही महत्त्वाचे वाटते. पेटीसमोर आई प्रेक्षक असते. छातीवर बाळ आले की ती बाळाचा आधार होते, आणि मॉनिटरकडे तिची पाठ किंवा बाजू असते. बाळ आखडले, सैल झाले, जागे झाले, हे तिला तिच्या शरीरावर कळते, अनेकदा आमच्या आधी. काहीच जाणवत नाही असे सांगणाऱ्या मातांना मी बोलण्याचा आग्रह करत नाही. त्यांच्या अंगावर बाळ ठेवता येईल का, हे डॉक्टरांना आधी विचारते.

कवडसा

रानवाट आणि दिवेलागण, तुमचे प्रतिसाद मी पुन्हा पुन्हा वाचले. एक व्यवहारातला प्रश्न विचारते. बाळ आता घरी आहे. मी चेहऱ्यासमोर घेऊन बोलू लागले की ते क्षणभर पाहते आणि मान वळवते. मी आणखी बोलते, खुळखुळा वाजवते, तर ते अधिकच वळते. माझी मोठी मुलगी या वयात हसत होती. हे बाळ माझ्याशी नाते जोडू इच्छित नाही का?

दिवेलागण

कवडसा, आधी वयाचा हिशेब करू. आठ आठवडे लवकर जन्मलेल्या बाळाचे वय जन्मतारखेपासून चौदा आठवडे असेल, तर विकासाच्या दृष्टीने ते सहा आठवड्यांचे असते. समोरच्याला पाहून हसणे साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास येते, ते या सुधारित वयाने मोजायचे. मोठ्या मुलीशी तुलना करताना दोघांचे सुधारित वय शेजारी ठेवून पाहा. त्या हिशेबाने हसू उशिरा येत आहे असे वाटले, किंवा बाळ कोणाकडेच पाहत नसेल, तर पुढच्या तपासणीत डॉक्टरांना आवर्जून सांगा. अकाली जन्मलेल्या बाळांच्या डोळ्यांची आणि कानांची तपासणी वेळच्या वेळी होणे तसेही आवश्यक असते.

मान वळवणे म्हणजे विश्रांती घेणे. टिफनी फील्ड यांच्या १९७७ मधील अभ्यासात एक बोलकी गोष्ट आढळली : बाळाचे लक्ष वेधून घ्या असे मातांना सांगितले, तेव्हा बाळांनी त्यांच्याकडे कमी पाहिले, आणि बाळ करेल तेवढेच तुम्ही करा असे सांगितले, तेव्हा अधिक पाहिले. म्हणून खुळखुळा बाजूला ठेवा. बाळाने मान वळवली की बोलणे थांबवा, चेहरा तिथेच शांत ठेवा आणि ते परत वळेपर्यंत वाट पाहा. परत वळल्यावर त्याने तोंड उघडले तर तुम्हीही तोंड उघडा, स्वर काढला तर तोच स्वर हळू काढा, आणि पुन्हा थांबा. सुरुवातीला ही वाट पाहणे फार लांबल्यासारखे वाटेल. दिवसातून दोन-तीनदा, दूध पिऊन झाल्यावर बाळ शांत आणि जागे असेल अशा वेळी करून पाहा आणि काय घडते ते येथे लिहा. क्षणभर पाहून मग वळते, असे तुम्ही लिहिले आहे. त्यातले क्षणभर पाहणे तुमच्यासाठीच आहे.